जांभळी बॅटरी आणि मुशीचं कालवण

मांडवखारच्या मासळी बाजारात शिरताना आधी वास लागायचा, मग चांगुणा नाखविणीचा आवाज, आणि मग तो बोर्ड. 'इथे मासळीवर बॅटरी मारू नये. मारायची तर दुसरीकडे जावे. हुकमावरून, मच्छीमार महिला मंडळ.' बोर्ड रंगवणाऱ्यानं भीत भीत विचारलं होतं, "मावशी, 'हुकमावरून'च्या जागी 'विनंतीवरून' लिहू का?" चांगुणानं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं मुकाट ब्रश बुडवला आणि लिहून मोकळा झाला.

ही गोष्ट आहे बोटी विजेवर चालायला लागल्या त्यानंतरची. समुद्र पुढे आला म्हणून धक्का मागे सरकवून झाला होता. घराघरात मिठाच्या डब्याशेजारी पट्ट्यांचं एक पाकीट आणि जांभळ्या उजेडाची बोटभर बॅटरी आली होती. मासा घरात आला की आधी पट्टी, मग हळद-मीठ. काडेपेटीइतकी स्वस्त पट्टी, पण तिनं बाजाराच्या नाकी नऊ आणले होते.

आता ही पट्टी काय करते ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. सोन्याचा तुकडा घ्या आणि फोडत जा. रवा होईल, पीठ होईल, धूळ होईल. फोडता फोडता शेवटी पंचवीसेक अणूंचा एक पुंजका उरेल. इतकं बारीक झालं की सोनं आपलं सोनेपण विसरतं. पिवळं दिसत नाही, झळकत नाही. पण तोच पुंजका अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसल्या प्रथिनात गुंडाळला आणि त्यावर जांभळा उजेड सोडला, तर तो निखाऱ्यासारखा लाल पेटतो. धग नाही, धूर नाही, नुसती लाली. असे अगणित पुंजके कागदावर बसवले की झाली पट्टी.

आणि पारा हा सोन्याचा जुना वैरी. अंगठीला पारा लागला की अंगठी पांढरी पडते, कुठल्याही सोनाराला विचारा. पुंजक्यालाही तो तसाच जाऊन चिकटतो, आणि चिकटला की लाली विझते. माशाचा नखाएवढा तुकडा कुपीतल्या पाण्यात चुरगळायचा, त्याचा थेंब पट्टीवर टेकवायचा, अंधार करायचा आणि बॅटरी मारायची. पट्टी लाल राहिली तर खुशाल खा. काळी पडली तर माशात पारा.

पारा समुद्रात येतो कोळशाच्या धुरातून आणि सांडपाण्यातून. तळच्या चिखलातले जंतू त्याला असं रूप देतात, की तो मांसात मुरून बसतो. जवळा त्यातलं चिमूटभर खातो. जवळ्याला मांदेली खाते, मांदेलीला सुरमई. आणि या सगळ्यांना खाऊन वर्षानुवर्षं जगते ती मुशी. शहरातले लोक तिला शार्क म्हणतात. म्हणजे सगळ्या दर्याचा पारा शेवटी मुशीच्या अंगात.

झालं! गिऱ्हाइकांनी मुशीकडे पाठ फिरवली. चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुशी म्हणजे कोळणीचा अभिमान. बाळंतिणीला मुशीचं कालवण घातल्याशिवाय पान्हा फुटत नाही, हे तिच्या आयनं तिला सांगितलेलं आणि आयला तिच्या आयनं. आणि ही काल आलेली कागदाची चिंधी त्या मुशीला विष ठरवणार? तिनं मंडळाची सभा घेतली आणि फर्मान काढलं, "विकली न गेलेली मुशी परत न्यायची नाय. दुपारी इथंच, दरवाज्यात बसून आपण खायची. बघू दे सगळ्या गावाला आपल्याला काय होतं ते!" तेव्हापासून रोज दुपारी बाजाराच्या दरवाज्यात कोळणींची पंगत बसायची. सगळ्यांत मोठा वाटा अर्थातच चांगुणाचा.

त्या सकाळी कर्णिकबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. चांगुणाचं जुनं, पक्कं गिऱ्हाईक. मासळीच्या बाबतीत बाईंना फसवायची कुणाची टाप नव्हती. पण आज बाईंच्या हातात छत्रीचं फाटकं काळं कापड होतं.

"बाई, ते काय?" चांगुणानं डोळे बारीक केले.

"काही नाही गं. ऊन फार आहे."

"वर पत्रा आहे. आणि कापड डोक्यावर घ्यायचं सोडून टोपलीवर काय पसरताय?"

तोवर कर्णिकबाई अर्ध्याअधिक कापडाखाली गेल्यासुद्धा होत्या. आतून आवाज आला, "चांगुणा, रागावू नकोस. नातू आलाय, त्याच्यासाठी बघतेय."

"बाहेर या! बोर्ड वाचता येत नाय का? शाळेच्या मास्तरीण ना तुम्ही?"

"सुरमई अगदी लाल आहे हो! छान!" कापडातून कौतुकाचा आवाज आला. मग जरा थांबून, "मुशी मात्र काळी ठिक्कर."

शेजारी बसलेली पोशी फिदीफिदी हसली. पोशी म्हणजे चांगुणाची लहानपणापासूनची मैत्रीण. टोपलीला टोपली लावून बसायची आणि शब्दाला शब्दही.

चांगुणानं कापड ओढून काढलं. "तुमच्या पट्टीपेक्षा माझी बोटं बघा!" तिनं सुरमईवर अंगठा दाबला. "हे बघा, मांस कसं वर येतं. ताजी की नाय? याला बॅटरी लागत नाय."

मांस वर आलेलं तिनं पाहिलं होतं. अंगठ्याला मात्र काहीच कळलं नव्हतं. बरेच दिवस बोटांवर कुणीतरी मोजे चढवल्यासारखं झालं होतं. मधूनच मुंग्या यायच्या. बर्फ, दुसरं काय! जन्मभर बर्फात हात घातल्यावर आणखी काय होणार? हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जिच्या बोटांवर बाजार चालतो, तिनं ते सांगायचंही नसतं.

टपरीवरून चहा आला. पातळ काचेचे गलास, आत नुसता उकळता चहा. चांगुणानं एक गलास कर्णिकबाईंपुढे केला. बाईंनी धरला आणि "आई गं!" करून ओट्यावर आदळला. सगळ्या कोळणी खदखदून हसल्या.

"तुमचे हात खडूचे, बाई," पोशी आपला गलास तळहातात गच्च धरून म्हणाली. "आमचे बघा. कोळणीच्या हाताला भाजत नाय!"

चांगुणानंही गलास मुठीत धरून भुरका मारला. कर्णिकबाई सुरमई घेऊन गेल्या, मुशी राहिली. दुपारी पंगत बसली.

*

घरी दुसरंच रण माजलं होतं. सून स्वरांगी बाळंतीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण विहीणबाई गुडघे बदलून खाटेवर पडलेल्या. मुलगा प्रणीत बोट घेऊन खोल दर्यात गेलेला. त्यामुळे सून आणि तान्ही नात दोघी चांगुणाच्या ताब्यात होत्या. ताब्यात हा शब्द चांगुणाचा. स्वरांगी तो शब्द ऐकून नुसती भुवई वर करायची. आणि चांगुणाला सगळ्यात जास्त चीड यायची ती त्या भुवईची. भांडली असती तर बरं झालं असतं!

चांगुणानं मुशीचं कालवण केलं. लसूण ठेचून, तिरफळं घालून, कोकमाच्या आगळाचा हात राखून. वाफाळती वाटी सुनेपुढे ठेवली. स्वरांगीनं वाटी घेतली, उशीखालची पट्टी आणि बॅटरी काढली, थेंब टेकवला आणि डोक्यावरून गोधडी ओढून घेतली.

गोधडीच्या डोंगरातून आवाज आला.

"आई, हे मी खाणार नाही."

"का? मीठ जास्त झालं?" चांगुणानं गोड आवाजात विचारलं. तिचा आवाज गोड झाला की पोशीसुद्धा दूर सरकायची.

"पारा आहे. तो दुधात उतरतो. बाळाचा मेंदू अजून घडतोय, आई. तिला बाधला तर परत फिरवता येत नाही."

"अगो, तुझा नवरा याच कालवणाच्या दुधावर वाढला! आज अख्खी बोट चालवतो. त्याचा मेंदू कुठं पळाला?"

"ते बोटीच्या दिव्याला चंद्र समजून मला फोन करतात, आई," स्वरांगी म्हणाली. "पण तुम्ही म्हणता तर पळाला नसेल."

चांगुणाला हसू येत होतं, पण आत्ता हसणं परवडणारं नव्हतं. तिनं वाटी उचलली, स्वैपाकघरात जाऊन उभ्या उभ्या स्वतःच संपवली आणि जाहीर केलं, की आजपासून या घरात ती चुलीला हात लावणार नाही. ज्यांना शास्त्र कळतं त्यांनी शास्त्र शिजवावं.

स्वरांगीनं कमरेला पट्टा बांधला आणि उठून मांदेलीचं तिखलं केलं. बाळंतीण चुलीशी! चांगुणानं कपाळावर हात मारला. वर पोरीनं वाटी आणून सासूपुढे ठेवली. चांगुणानं खाल्लं नाही. वास मात्र घेतला. आगळ कमी होतं.

चूल सोडली तरी न्हाणी सोडली नव्हती. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणं हे आजीचं काम, त्यात शास्त्राला शिरकाव नाही. चांगुणानं मांडवखारातली किती पोरं पायावर घेऊन न्हाणली असतील, त्याची गणती नाही. तिच्या पायावरचं पोर रडत नाही अशी ख्याती होती. या नातीसाठी तर तिनं पायाला खोबरेल चोळून ठेवलं होतं. सून काय म्हणायची ते म्हणो, पोर या हातांत आली की गप्प व्हायची. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

सकाळी न्हाणीत पाट मांडला. घंगाळात बंबाचं पाणी काढलं. पाय लांब करून, नातीला पालथी घालून चांगुणा बसली. पाण्यात बोटं बुडवली. कोमट. विसणाला गार पाणी घालायची गरज नव्हती. तांब्या भरला.

"आई, थांबा!"

स्वरांगी दारात उभी होती. एक पाऊल पुढे येऊन तिनं घंगाळात कोपर बुडवलं आणि चटका बसल्यासारखं काढलं. पुढच्या क्षणी पोर तिच्या छातीशी होती.

"उकळतं पाणी आहे! विसण कुठंय?"

"उकळतं? जल्लं मेलं, काय बोलतेस! आत्ता बोटं घालून बघितली मी."

"बोटं बघा तुमची."

चांगुणानं बघितली. चारही बोटं कोळंबी उकडावी तशी लालबुंद झाली होती. तिनं ती एकमेकांवर घासली. चुरचुरलीसुद्धा नाहीत. दुसऱ्या कुणाचीतरी बोटं तिच्या हाताला लावल्यासारखी ती तिथं होती.

पोर रडायला लागली. तांब्या अजून चांगुणाच्या हातातच होता.

"कधीपासून?" स्वरांगीनं हळू विचारलं.

"काय कधीपासून? बर्फात हात घालून बघ जरा. कॉलेजात बर्फ असतो काय?"

"पोशीमावशीपण म्हणत होत्या, मुंग्या येतात म्हणून. त्यांचाही बर्फच का?"

पोशी तिच्यापाशी हे कधी बोलली नव्हती. बोलेल कशी? चांगुणा तरी कुठं बोलली होती?

*

आरोग्य केंद्रातून बाळंतिणींना केस तपासायच्या पट्ट्या मिळायच्या. अंगातला पारा केसांत उतरतो आणि केस वाढेल तसा मागच्या महिन्यांचा हिशेब तिथं साठत जातो. स्वरांगीनं पाकीट काढलं.

"एक केस द्या, आई."

"मी काय टोपलीतली सुरमई आहे? माझी तपासणी करतेस?"

"नाही द्यायचा?"

"नाय!"

"मग तुमच्या फणीतला घेते. फणी तर काही बोलत नाही."

असली सून! चांगुणानं चरफडत स्वतःच एक केस तोडून तिच्या हातावर आपटला. स्वरांगीनं स्वतःचाही एक तोडला. दोन्ही वेगवेगळ्या कुप्यांत विरघळत ठेवले. मग गोधडी ओढली आणि एक टोक सासूच्या डोक्यावर टाकलं. चांगुणा आजवर त्या अंधारात कधी शिरली नव्हती. बाहेरून शिव्या घालण्यातच तिचा सगळा जन्म गेला होता. गोधडीत बाळंतशेपांचा आणि दुधाचा वास भरला होता. मधे नात झोपली होती.

बॅटरी लागली. दोन्ही पट्ट्या पेटल्या.

चांगुणा बघतच राहिली. हे सोनं? चुलीत राखेखाली निखारा फुललेला असावा, तसं लाल. नातीच्या गालावरसुद्धा ती लाली उतरली होती. तिला वाटलं, हे असं असतं तर आधी का नाही कुणी सांगितलं? मग आठवलं, सांगायला आलेल्यांसाठीच तर बोर्ड रंगवला होता.

स्वरांगीनं स्वतःच्या केसाचा थेंब टेकवला. लाली जराशी थरथरली आणि तशीच राहिली. स्वरांगीनं इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. "बाळाला धोका नाही."

मग चांगुणाचा थेंब. लाली कडेनं आत आत सरकत गेली आणि विझली. थोडीसुद्धा शिल्लक राहिली नाही.

"पट्टी खराब असेल," चांगुणा म्हणाली.

स्वरांगीनं दुसरी काढली. तीही विझली. तिसरी काढायला लागली तेव्हा चांगुणानंच तिचा हात धरला. "पुरे. सोनं फुकट नको घालवू."

डॉक्टर मुकादम आरोग्य केंद्रात बसायचे. पोरवयात त्यांनी आईचं बोट धरून चांगुणाकडूनच बोंबील नेले होते. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "मावशी, सुईनं टोचतोय. कळलं की हं म्हणा."

चांगुणा डोळे मिटून बसली. बसली, बसली. शेवटी वैतागून म्हणाली, "डॉक्टर, सुरू करा की एकदा! मला बाजार आहे."

"झालं, मावशी. दहाही बोटं झाली."

मग डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. पारा आधी बोटांच्या टोकांच्या नसा धरतो, ओठ धरतो, मग चालणं आणि बोलणं. खाणं थांबवलं की तो शरीरातून निघून जातो, पण हळू, महिन्यामहिन्यानं. बोटं किती परत येतील ते आज कुणीच सांगू शकत नाही. मुशी बंद. बोंबील, मांदेली, तारली पोटभर खा, लहान मासळीत पारा नसल्यात जमा. सुनेनं बाळाला अंगावर पाजायचं, त्यात काही अडचण नाही.

"आणि इतकी मुशी खाल्लीत तरी कधी? पूर्वी तर कोळणी विकून टाकायच्या."

पूर्वी विकायचीच. सगळ्या गावात वाटली जायची, कुणाच्या वाट्याला कधीतरी एक तुकडा. पट्टी आली, गाव शहाणं झालं, आणि अख्ख्या गावाची मुशी हिच्या हुकमानं पाच-दहा कोळणींच्या पोटात जायला लागली. पट्टीला खोटं पाडायला! तिला पट्टीचा राग आला, गावाचा आला, मुशीचा आला. रिक्षात बसल्यावर मग तो राग फिरून फिरून जिथं यायचा तिथं आला आणि तिथंच बसला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाट एकच होता, पण माणसं दोन. स्वरांगीनं कोपरानं पाणी बघितलं, विसण घातलं, पुन्हा बघितलं. मग पोर सासूच्या पायावर ठेवली. पोर रडली नाही.

"मांदेलीत आगळ वाढव जरा," चांगुणा तांब्या ओतत म्हणाली. "पुचाट होतं."

"तुम्ही खाल्लंच नव्हतं ना?"

"वासावरून कळतं! नाक आहे अजून."

*

दुपारी बाजाराच्या दरवाज्यात पंगत बसली. डबे उघडले.

"डबे बंद करा," चांगुणा म्हणाली. "आजपासून मुशी खायची नाय. आणि उद्यापासून बोटीतून उतरवायची पण नाय."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. पोशीनं घास हातात तसाच धरला. "का गो? सुनेनं बॅटरी मारली वाटतं तुझ्यावर?"

हशा पिकला. चांगुणानं दात ओठ खात सोन्याचा पुंजका सांगायला घेतला. अंड्याच्या पांढऱ्यापर्यंत पोचली तोवर कुणीतरी विचारलं, अंडं गावरान लागतं का. पुन्हा हशा. तिनं जंतू सांगितले, नसा सांगितल्या, डॉक्टरची सुई सांगितली.

"चांगुणे, बोर्ड तुझा, हुकूम तुझा," पोशी म्हणाली. "आम्ही गावाच्या नाकावर टिच्चून खाल्लं ते तू म्हणालीस म्हणून. आता तूच शेपूट घालतेस? मी नाय घालणार." आणि तिनं घास तोंडात टाकला.

चांगुणाला काय करावं कळेना. आजवर पोशीला दरडावून सगळं करून घेतलं आणि आता नको ते शिकवलेलं पुसता येईना.

तेवढ्यात चहा आला. तेच पातळ गलास. चांगुणानं पदराचा बोळा केला आणि गलास त्यात धरला.

"अगो बाय! पदरात?" पोशी ओरडली. "कर्णिकबाई झालीस काय?" तिनं आपला गलास उचलला, तळहातात गच्च आवळला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. वाफ तिच्या मनगटाभोवती फिरत होती. "बघा गो, असा धरतात!"

चांगुणा तिच्या हाताकडे बघत होती. बोटांच्या कडा लाल व्हायला लागल्या होत्या. पोशी हसतच होती.

"पोशे, गलास खाली ठेव."

"का? मला नाय भाजत."

"म्हणूनच सांगते. खाली ठेव."

हे ती ओरडून बोलली नव्हती, म्हणून पोशीचं हसू थबकलं. तिनं चांगुणाची बोटं पाहिली, फोडांवर मलम लावलेली. मग गलास दुसऱ्या हातात घेऊन आपला तळवा पाहिला. कडेकडेनं आत सरकत सरकत तिचं हसू विझलं.

तिनं गलास ओट्यावर ठेवला. शेजारणीनं आपलाच हात बघितला आणि तिनंही ठेवला. मग तिच्या पलीकडचीनं. काच ओट्याला टेकल्याचा आवाज एकामागून एक येत राहिला. घास कुणीच उचलला नाही.

चांगुणा उठली, खुर्ची ओढून वर चढली आणि बोर्डाचा खिळा उपसायला लागली. खिळा निघेना. बोटांत पकड येईना. ती वैतागून खाली बघून म्हणाली, "बसल्यात काय माझ्या तोंडाकडे बघत? या कुणीतरी! आणि ते डबे मांजरांपुढे टाकू नका. त्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"